निळ्या डोळ्यांचा मणी

रत्नदीप थूल यांना देवळीच्या कॉलेजात ‘काचवाले सर’ म्हणत, आणि कौतुकानं म्हणत असतील असं समजायचं काही कारण नाही. इतिहास शिकवणारा माणूस. त्यानं अशोक शिकवावा, वाकाटक शिकवावेत, पोरांना पास करावं आणि बोरगाव मेघेच्या घरी येऊन निवांत बसावं. पण या गृहस्थाच्या डोक्यात पंचवीस वर्षं ग्रीक आणि रोमन लोकांची काच भरली होती. अत्तराच्या बाटल्या, रंगीत पट्ट्यांचे वाडगे, फुंकून फुगवलेले पेले. त्यातलं एकही भांडं त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. सगळी विद्या फोटोंवरून. आंब्याचं चित्र बघून रसाची गोडी सांगावी, तशातला प्रकार.

हे वेड आईकडून आलं. कमलाबाई देवळीच्या बाजारात बांगड्या विकायच्या, आणि फुटक्या बांगडीचे तुकडे उन्हात धरून त्यातून जग बघणं हा त्यांच्या पोराचा खेळ होता. छप्पन साली आईच्या कडेवर बसून कमलाबाई नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या. त्यांच्या घराच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही, कुणाची दृष्ट काढली गेली नाही. सर हे अभिमानानं सांगत. वर्गात तर दरवर्षी सांगत, की ग्रीक लोक एवढे शहाणे, पण पोराला नजर लागू नये म्हणून तेही गळ्यात डोळ्यांचे मणी बांधत. आणि मग स्वतःच हसत.

गेल्या उन्हाळ्यात तसला एक मणी त्यांना खरोखर दिसला. केळझरच्या पुढे, बोरच्या जंगलाच्या अंगाला गोंडांची एक वस्ती आहे. आसपासची जुनी शिळावर्तुळं बघायला सर तिकडे गेले होते. तहान लागली म्हणून शकुबाई उईके यांच्या अंगणात टेकले. बाईंच्या मांडीवर त्यांचा नातू दुर्गेश, आणि नातवाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बोराएवढा निळा मणी. मण्यावर पांढरी कडी, कड्यांत निळे ठिपके. निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थेंब, त्यावर पुन्हा निळा, आणि काच गरम असतानाच दाबून बसवलेले. पाण्याचा गिलास सरांच्या हातात तसाच राहिला. खरं तर इथंच त्यांनी पाणी पिऊन उठायला हवं होतं.

शकुबाईंनी मण्याची रीत सांगितली. वस्तीत कुणाला कळा सुरू झाल्या की मणी तिच्या गळ्यात बांधायचा, बाळ झालं की बाळाच्या. पुढची बाळंतीण येईपर्यंत तो तिथंच. कुठून आला हे त्यांच्या आजीलाही ठाऊक नव्हतं. सरांनी मग समुद्रापलीकडची गोष्ट सांगितली. गलबतं, बंदरं, बैलांचे तांडे, आणि असाच मणी पोरांना बांधणाऱ्या दूरदेशीच्या आया. शकुबाई ऐकत राहिल्या.

“मंग तिकडच्या बायाइचंबी आपल्यासारखंच हाय म्हना,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते फार आवडलं.

त्या आवडण्याच्या जोरावर सरांनी मणी मागून घेतला. अट एकच होती. शकुबाईंची धाकटी सून मयुरी पोटुशी होती. तिचं पहिलं बाळ माहेरी झालं होतं, मणी तिथवर पोचला नव्हता, आणि बाळ हाती लागलं नव्हतं. पोळ्याच्या आत मणी परत यायला हवा. सरांनी शब्द दिला. शब्द द्यायला काय लागतं?

पावसाळ्यात रोशनी घरी आली, सरांची एकुलती मुलगी, पहिल्या बाळंतपणाला. तिच्याशी धड चार शब्द बोलावेत, तर हे भिंग घेऊन मण्यात घुसलेले. पुण्याच्या एका संशोधक बाईंना फोटो पाठवले. त्यांनी कळवलं की मणी सळईवर काच गुंडाळून केला असेल तर भोकात तिच्या खुणा सापडतील, आतला फोटो मिळाला तर खात्रीनं सांगता येईल. भोक मळानं बुजलं होतं. किती आयांचा घाम, किती पोरांचं तेल, हळद. सरांनी काडीनं खरवडून पाहिलं, मळ हटेना. शकुबाईंचा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा सरांनी उद्या येतो म्हणून सांगितलं, आणि पोळा उलटून गेला.

जुन्या काचेला कढत पाणी दाखवू नये, हे सर स्वतः शिकवत. पण त्या सकाळी रोशनीच्या आंघोळीचं पाणी तापलेलं होतं, आणि माणूस उतावळा झाला की त्याची विद्या बाजूला उभी राहून बघते. त्यांनी त्यातलं वाटीभर पाणी घेतलं आणि मणी आत सोडला. टक् असा बारीक आवाज झाला. दारात टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या रोशनीनं काय झालं म्हणून विचारलं. सर काही नाही म्हणाले. वाटीत मण्याची दोन शकलं पडली होती.

सरांना जेवण जाईना. शेवटी वर्ध्याच्या बाजारातून त्यांनी एक निळा डोळ्याचा मणी आणला, गाडीच्या आरशाला टांगतात तसला, पण आकारानं जुळता. तो वाळूवर घासला, तेलहळदीत मुरवला, काळ्या दोऱ्यात ओवला. पंचवीस वर्षांची विद्या शेवटी नकली माल करायला कामी आली. त्यांना स्वतःची किळस आली, तरी हात थांबले नाहीत.

मयुरीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. तिचा नवरा रूपराव याचा भरदुपारी फोन आला. “सर, मयुरीचं पोट दुखून राह्यलं. मनी घेऊन येजा. माय काही आयकत नाई.”

सर निघाले. शर्टाच्या खिशात नकली मणी, पँटच्या खिशात आगपेटीत दोन शकलं. ती का घेतली, हे त्यांना सांगता आलं नसतं. केळझर मागे पडलं, पुढचा रस्ता एकदम सुना झाला. आभाळ भरून आलेलं, पण पान हलत नव्हतं. आपण हे मानत नाही, ते स्वतःला सांगत होते. मणी म्हणजे काच, आणि काच म्हणजे वाळू आणि खार. बाळंतपण दवाखान्यात होतं, मण्यात नाही. सगळं खरं होतं, आणि तरी ते कारचा वेग वाढवतच होते.

अंगणात दवाखान्याची गाडी उभी होती. बाया मयुरीला धरून दाराबाहेर आणत होत्या. तिचा चेहरा घामानं भिजलेला, ओठ पांढरे. सरांना बघून तिच्या जिवात जीव आल्यासारखं झालं. तिनं स्वतःच हात पुढं केला, तळवा वर करून.

सरांचा हात शर्टाच्या खिशाशी गेला आणि थांबला. त्या तळव्यावर खोटं ठेवणं त्यांच्यानं होईना. त्यांनी आगपेटी काढली आणि दोन्ही शकलं तिच्या हातावर ठेवली. माझ्या हातून फुटला, एवढंच त्यांना म्हणता आलं.

शिव्या बसतील अशी त्यांची समजूत होती. मयुरी हाताकडे बघत राहिली, मग बायांनी तिला उचलूनच गाडीत घातलं. शकुबाई सरांच्या अगदी जवळ आल्या.

“तुमच्या घरी कोन पोटुशी हाय?”

रोशनीचं त्यांनी इथं कधी सांगितलं नव्हतं. पोरगी, त्यांनी सांगितलं, सातवा महिना.

शकुबाईंनी मान हलवली. त्यात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. “मनी उगाच नाई फुटत, सर. ज्या घरी फुटते, त्या घरचं वाईट घेऊन जाते. तुमच्या पोरीचं घेतलं त्यानं.” मग त्या गाडीकडे वळल्या. “आता हिचं कोन घेईन?”

गाडीत जागा एकाच बाईला होती, जाऊबाई चढली. रूपराव मोटारसायकलवर मागे गेला. मी कारनं सोडतो, असं सरांनी शकुबाईंना विनवून पाहिलं, पण त्या त्यांच्या कारमध्ये बसायला तयार नव्हत्या. बाया पांगल्या. अंगणात शकुबाई आणि सर दोघंच उरले. शकुबाई उंबऱ्यावर बसल्या, मांडीवर फोन ठेवून. त्यांनी सरांना बसा म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. बसू का, असं विचारायची सरांना हिंमत झाली नाही. ते भुईवर बसले.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. दोघंही दचकले. फोन सरांचा होता.

“बाबा, कुठे आहे तुम्ही?” रोशनीचा आवाज हसरा होता. “डॉक्टरकडून आली मी आत्ताच. बाळ एकदम छान आहे म्हणे.”

बरं, असं म्हणून सरांनी फोन ठेवला. शकुबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

“पोरगी होती का?” त्यांनी विचारलं. “बरी हाय ना?”

सरांच्या तोंडून हो निघेना. शकुबाईंच्या मांडीवरचा फोन अजून गप्पच होता.