आधी पाला, मग विष

अमृता सगदेवला उंदरांची किळस येत नाही, याचं तिच्या मावश्यांना अजूनही नवल वाटतं. हिचं लग्न का जमलं नाही ही चर्चा निघाली की त्यातली एखादी हमखास म्हणते, "उंदीर हाताळणारी सून कोण करून घेईल, बाई!" अमृता हसून सोडून देते. इंद्रपुरीच्या पलीकडे एका खासगी फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती लागली तेव्हा ऐन पंचविशीत होती, आता पन्नाशीला टेकली आहे. सकाळी नेहरू नगरातून बस धरायची, अर्धं भोपाळ ओलांडायचं आणि लिव्हरला जपणारी औषधं उंदरांवर तपासायची, एवढंच तिनं आयुष्यभर केलं. दुसरं काही करावंसं तिला वाटलंही नाही.

हे तपासणं कसं चालतं ते आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. चांगले धडधाकट पांढरे उंदीर घ्यायचे आणि त्यांचे गट पाडायचे. एका गटाला नुसतं पाणी. दुसऱ्याला लिव्हर नासवणारं एक रसायन तेलात कालवून टोचायचं. तिसऱ्याला काही दिवस रोज औषधी पाल्याचा अर्क पाजायचा आणि त्यानंतर तेच रसायन टोचायचं. मग सगळ्यांचं रक्त काढून आकडे बघायचे. पाला प्यायलेल्यांचे आकडे नुसतं विष मिळालेल्यांपेक्षा खाली आले, तर पाल्यानं लिव्हर जपलं असं धरायचं. म्हणजे क्रम असा, की आधी पाला आणि मग विष. आणि शेवटी मारायचे सगळेच. जपलेलेही आणि न जपलेलेही. लिव्हर बाहेर काढून काचपट्टीवर दाखवल्याशिवाय या धंद्यात कोणी विश्वास ठेवत नाही.

आणखी एक चाचणी असते, झोपेची. उंदराला झोपेचं इंजेक्शन द्यायचं, उताणा ठेवायचा आणि तो स्वतःहून पालथा होईपर्यंत घड्याळ लावून बसायचं. लिव्हर शाबूत असेल तर ते झोपेचं औषध लवकर निकालात काढतं आणि उंदीर उठतो. लिव्हर नासलं असेल तर औषध अंगात रेंगाळतं आणि उंदीर झोपूनच राहतो. अमृताला ही चाचणी सगळ्यात आवडायची. रक्त नाही, कापाकापी नाही, नुसतं शांतपणे बघत बसायचं.

तिचे वडील विश्वनाथ, म्हणजे नाना, वल्लभ भवनातून, म्हणजे राज्याच्या सचिवालयातून, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील छपन्न साली राजधानी भोपाळला आली तेव्हा कचेरीबरोबर नागपूरहून आले, ते इथलेच झाले. नाना तेव्हा शाळकरी पोर होते, वाढले भोपाळातच, पण घरात बोली नागपूरचीच राहिली. बाहेर अस्खलित हिंदी, घरात "काहून" आणि "करून राहिला". सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात न टाकणारा हा माणूस, आणि याचंच लिव्हर सुकलं. साखरेचा आजार आणि चरबी, असं कारण डॉक्टरांनी सांगितलं. पण कॉलनीला कारण नको होतं. लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. सकाळच्या फिरण्यातले तिवारीजी एकदा डोळा मारून म्हणाले, "सगदेव साहब, छुपे रुस्तम निकले आप तो!" ते मस्करीत बोलले. नानांना ते इतकं लागलं, की आठवडाभर फिरायला गेले नाहीत.

ज्याची अब्रू अशी फुकटात जाते, तो ती परत मिळवायला काहीही धरतो. नानांनी लेकीला धरलं. "मेरी बेटी लिव्हर पर ही रिसर्च कर रही है," असं ते दूधवाल्यापासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळ्यांना सांगू लागले. अमृता संशोधक नव्हती, संशोधकांच्या हाताखालची होती. पण बाप अभिमानानं बोलत असेल तर पदनाम दुरुस्त करणारी लेक अजून जन्मायची आहे.

पावसाळ्यात कॉलेजात भुईआवळ्याच्या अर्कावरचं काम संपलं. आकडे देखणे आले होते. शोधनिबंधात तिचंही नाव घालणार असं सरांनी सांगितलं, म्हणून येताना तिनं जिलेबी आणली. नाना पलंगावर बसून पाय दाबत होते, पायावर सूज होती. ती म्हणाली, "नाना, पाल्यानं लिव्हर वाचलं."

बस, एवढंच म्हणाली. उंदरांचं, असंही म्हणाली नाही. ते उंदीर आधी ठणठणीत होते आणि पाला त्यांना विषाच्या आधी पाजला होता, हे तर तिच्या मनातच आलं नाही. रोजच्या कामातली गोष्ट, ती काय जिलेबी खाताना सांगायची! तिच्या आईनं, सरोजताईंनी, देवापुढे हात जोडले. नानांचा चेहरा असा उजळला, की अमृताला आपलं सगळं आयुष्य सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी तिनं पाहिलं, तर नाना कुंपणाच्या कडेला वाकून भुईआवळा उपटत होते. पावसाळ्यात तो कुठेही उगवतो. सरोजताई त्याचा काढा उकळत होत्या. अमृता दारात उभी राहिली. सांगावं, असं तिला वाटलं. खोटं कशाला बोला, अगदी ओठांवर आलं होतं. सुकलेलं लिव्हर वेगळं आणि उंदराचं ताजं लिव्हर वेगळं, दोन वाक्यांचं काम होतं. पण नाना गुणगुणत होते. दुखणं लागल्यापासून ते गुणगुणले नव्हते. तिनं एवढंच विचारलं, "डॉक्टरांची औषधं चालू आहेत नं?"

"चालू आहेत नं बाप्पा," नाना म्हणाले.

ती चालू नव्हती. गोळ्या घेत होते, पण रात्रीचं गोड सिरप त्यांनी सोडलं होतं. त्या सिरपनं दिवसातून तीन-चारदा संडासला जावं लागायचं. फिरायला जावं तर मध्येच पळत घरी यावं लागायचं आणि तिवारीजींच्या समोर ते फार लाजिरवाणं. अंगात साचणारं विष बाहेर पडावं म्हणून ते द्यायचं असतं आणि तो त्रास हाच त्याचा गुण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आता घरचं औषध होतं, लेकीनं पारखलेलं. मग सिरप कशाला? सरोजताईंना हे ठाऊक होतं आणि त्यांनाही ते पटलं होतं.

हळूहळू नाना दिवसा झोपू लागले. आधी दुपारी, मग सकाळीही. रात्री मात्र टक्क जागे. सरोजताई खूश होत्या. "इतकी वर्षं मेली झोप नव्हती, आता कशी शांत लागते बघ. तुझ्या पाल्याचा गुण." अमृतालाही ते बरं वाटलं. आणि कॉलेजात त्याच आठवड्यात तिची झोपेची चाचणी चालू होती. समोर उताणे उंदीर, हातात घड्याळ. कोण किती वेळ झोपतो ते ती टिपत होती आणि कोणाचं लिव्हर किती गेलं ते त्यावरून सांगत होती. घरातला माणूस तिला दिसला नाही. तिला मूर्ख म्हणावं, तर माझंही मन धजत नाही. आपल्या माणसाकडे आपण त्या नजरेनं बघतच नाही. पण राग येतो, तो येतोच.

एका संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा नाना पलंगावर उताणे पडले होते. सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली. तिनं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, खांदा हलवला. त्यांनी डोळे अर्धे उघडले, कुशीवर वळायचा प्रयत्न केला आणि तसेच थांबले. अमृताची नजर सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. ते पालथे कधी होतात, याची ती वाट बघत होती. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं.

"आई, सिरप!" ती ओरडली. "सिरप कुठं आहे?"

सरोजताईंनी मोरीतल्या बादलीमागून बाटल्या काढून दिल्या. सगळ्या भरलेल्या, सील न तोडलेल्या.

इस्पितळात दोन-तीन दिवस एनिमा आणि तेच सिरप देऊन डॉक्टरांनी नानांना शुद्धीवर आणलं. शुद्धीवर येऊनही फार काही हाती लागलं नव्हतं. पोटात पाणी भरलं होतं, डोळे हळदीसारखे झाले होते. यापुढे दिवस थोडेच, असं डॉक्टर ऋतुजा यांनी अमृताला बाहेर बोलावून सांगितलं होतं. राउंडला त्या आल्या तेव्हा नाना उशीला टेकून बसले होते आणि सरोजताई त्यांच्या पायाशी होत्या.

"अंकल, ये सिरप क्यों बंद किया था? कोई देसी दवा ले रहे थे? सच बताइए, मुझे जानना ज़रूरी है."

नानांनी एकदा लेकीकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे बघून ठामपणे म्हणाले, "नहीं मैडम. कुछ नहीं लिया. सिरप लेना मैं ही भूल जाता था."

उभ्या आयुष्यात फायलीवर एक खोटी ओळ न लिहिलेला माणूस हा. लेकीच्या नोकरीला, तिच्या नावाला डाग लागू नये म्हणून मरणाच्या दारात खोटं बोलला. अमृताला ते सहन झालं नाही.

"भुईआंवले का काढ़ा ले रहे थे," ती म्हणाली. "मेरे कहने पर. मैं लिव्हर की लैब में काम करती हूँ."

डॉक्टर ऋतुजा तिच्याकडे वळल्या. "फिर तो आपको पता होना चाहिए था," एवढंच बोलून, फाइलवर काहीतरी लिहून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

नाना चिडले. "काहून सांगितलं? तुझी काय चूक? पाल्यानं उंदीर वाचले नं?"

"वाचले, नाना. पण ते उंदीर आधी चांगले होते." तिनं नेटानं सांगितलं. "आम्ही त्यांना पाला आधी पाजतो. विष मागून देतो. एकदा लिव्हर गेल्यावर पाला द्यायचा, असं आम्ही केलंच नव्हतं. मी तुम्हाला हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

विचार करताना नानांचे ओठ हलत होते, जुन्या फायलीतलं कलम लावून बघावं तसे.

"म्हणजे पाला आधी प्यायचा असतो. तब्येत चांगली असताना."

"हो."

"मी तर इतकी वर्षं चांगला होतो, अमू," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "तू तेव्हाही तिथंच होती. मग तेव्हा काहून नाही दिला मला?"

याचं खरं उत्तर एकच होतं. पाला माणसाला जपतो की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या सरांनाही ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षांत तिनं फक्त उंदरांची लिव्हरं पाहिली होती. पण हे सांगितलं असतं, तर नानांच्या हातात लेकीच्या कामातलं काहीच उरलं नसतं आणि दुसरं काही तर आधीच उरलं नव्हतं.

"चुकलं, नाना," ती म्हणाली. "माझ्या ध्यानातच आलं नाही."

नानांनी तिच्या हातावर हात ठेवला. "असू दे. रडू नको." मग त्यांनी पायाशी बसलेल्या बायकोकडे बोट केलं. "हिला तरी आतापासून देत जा. हिची तब्येत चांगली आहे अजून."

सरोजताईंनी पदरानं डोळे पुसले आणि उद्या सकाळपासून घेते, म्हणाल्या.