होळीपासून मोजलेली तिथी

मोहोपाड्याच्या खालच्या अंगाला पाताळगंगेच्या काठी एक दगडी धक्का आहे. आज तिथं म्हशी बसतात. एके काळी भरतीबरोबर तिथं पडाव यायचे, सपाट बुडाच्या थोराड होड्या, आणि भात, गवत, कौलं भरून मुंबईला जायचे. शेवटच्या पडावाचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, येसाजी. वय ऐंशीला टेकलंय, पण मिजास अजून तांडेलाचीच. घरात चहासुद्धा हुकूम सोडून मागतो.

त्याची नात ऋतिका धक्क्यावर इतिहासाची पाटी लावणार होती. तिनं मजकूर वाचून दाखवला. शेवटी होतं, "पदू सुकाण्याच्या चुकीमुळे शेवटचा पडाव खडकावर फुटला आणि बंदर बंद झालं."

"बरोबर आहे ना, आजोबा?"

येसाजीनं काठी जवळ ओढली. बरोबर कसलं, कपाळ! गावाला हे सांगितलं होतं त्यानंच.

खाडीच्या माणसाला घड्याळ लागत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत निघते. धक्क्यापर्यंत पाणी चढायला वर दीड तास धरायचा. पडाव फुटला त्या शिमग्यात येसाजीनं पंचांग न बघता होळीपासून बोटं मोजली. होळी म्हणजे पुनव, त्यात बघायचं काय? पण त्या वर्षी पुनव संध्याकाळी लागली, म्हणून होळी चतुर्दशीच्याच दिवशी पेटली होती. त्याची तिथी एक दिवस पुढं गेली, आणि भरती त्याच्या हिशेबाच्या पाऊण तास आधीच होऊन गेली. तांडेल तेव्हा पाहुण्यांत ताडी पीत बसलेला.

तो धक्क्यावर आला तेव्हा सुकाणूवरचा पदू म्हणाला, "येसा, पाणी फिरल्यावानी वाटतंय रं."

"तिथी तू मोजतोस का मी? सोड दोर."

तांडेलाचा शब्द पडला की सुकाण्यानं वाद घालायचा नाही, ही पडावाची रीत. पहिल्याच वळणावर पाणी कमी पडलं, कौलांच्या वजनानं पडाव खडकावर बसला आणि ओहोटीत त्याचा कणा मोडला. येसाजीनं खापर पदूवर फोडलं, म्हणाला, यानं खोल पात्र सोडून होडी कडेला घातली. तांडेलाची तिथी कधी चुकत नसे, म्हणून पदूलाही ते खरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पोरं रंग खेळताना दिसली. येसाजीच्या हिशेबानं रंगपंचमी कालच होऊन गेली होती. तेव्हा त्याला कळलं. तरी त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. लाज वाटली, दुसरं काय! पदूनं पुन्हा सुकाणूला हात लावला नाही. जवळच्या एका कंपनीत झाडू मारता मारता म्हातारा झाला.

पाटीचा मजकूर ऐकला त्याच दुपारी येसाजी काठी टेकत पदूच्या घरी गेला. पदू ओटीवर वाल सोलत होता.

"पदू, त्या दिवशी पाणी फिरलंच होतं. तिथी मी चुकलो. तुझा डोळा खरा होता."

पदूच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुला कधी कळलं?"

"तिसऱ्याच दिवशी."

पदूनं शेंग खाली ठेवली. "माझी शकू मागल्या वर्षी गेली. मरेस्तोवर बाया तिला आंधळ्या सुकाण्याची बायको म्हणायच्या. ती कुणाशी भांडली नाय. मीच तिला सांगितलं होतं, खरं हाय म्हणून."

येसाजीला मान वर करवेना. "पाटीवर माझं नाव लिवायला सांगतो रं. सगळ्यांना वाचू दे."

"लिव," पदू म्हणाला आणि पुन्हा वाल सोलायला लागला. "पयलं शकूला वाचून दाव."