कांद्याच्या बाजूचा ब्रास

आमच्या गावात कुणी डावीकडे-उजवीकडे म्हणत नाही. बेजा शहराहून येणारा फेरीवाला पत्ता विचारतो आणि त्याला उत्तर मिळतं, "बुचाच्या झाडापासून लसणाकडे वळ, मग विहिरीपाशी कांद्याकडे." तो आम्हाला वेड्यात काढून निघून जातो. काढू दे. ही बोली आम्हाला ब्रासने दिली, आणि ती त्याला स्वस्तात मिळाली नव्हती.

ब्रास हाडाचा शेतकरी. समुद्र त्याने पाहिला नव्हता आणि पाहायची हौसही नव्हती. हौस होती ती त्याच्या धाकट्या भावाला, सिमांवला. त्या काळी राजाची जहाजं मिरी आणायला हिंदुस्थानच्या वाटेला लागली होती. खरे खलाशी एव्हाना एकतर जहाजावर होते, नाहीतर समुद्राच्या तळाशी. म्हणून भरती करणारे थेट नांगरामागून माणसं गोळा करू लागले होते. सिमांव जत्रेला गेला आणि तिथूनच नाव देऊन लिस्बनला पळाला. पोराला दालचिनीचे डोंगर दिसत होते.

त्यांची आई ग्रासिया रडली नाही. तिने पाव आणि खारवलेलं डुकराचं मांस फडक्यात बांधून ब्रासच्या हातात दिलं.

"त्याला घेऊन ये. एकटा आलास तर मी दार उघडायची नाही."

"आई, माझ्याही जिवाचं काही बोल की."

"तुला काय धाड भरलीय? तू बैलासारखा आहेस. त्याला अक्कल नाही, म्हणून तुला पाठवतेय."

लिस्बनच्या धक्क्यावर सिमांव सापडला, पण एकदा नाव दिलेल्या माणसाला कोण सोडणार? मग ब्रासनेही त्याच जहाजावर नाव दिलं. दुसरा मार्ग असता तर त्याने तोच धरला असता.

त्याचा धिप्पाड देह पाहून तांडेल लोपोने त्याला सुकाणूवर टाकलं. सुकाणूचा लांब दांडा जहाजाच्या मागच्या बाजूला, वरच्या फळ्यांच्या मजल्याखाली. तिथून ना समुद्र दिसतो ना आकाश. वरून तांडेल ओरडणार आणि खालच्यांनी दांडा ढकलायचा, एवढंच काम. पण जहाजावर डाव्या-उजव्या बाजूंना भलतेच शब्द आहेत. ते ब्रासच्या तोंडात कधी बसले नाहीत, म्हणून मीही इथे देत नाही. त्याचा जोडीदार मातेउस, तोही आमच्याच भागातला नांगऱ्या. तांडेल ओरडला की एक इकडे ओढी, दुसरा तिकडे. जहाज नदीच्या मुखातच दारू प्यायल्यासारखं झुललं.

"यांचे बैल कुठे बांधलेत रे?" लिस्बनचे खलाशी खिदळले. लिस्बनच्या माणसाला हसायला तेवढंच येतं.

तांडेल मात्र हसला नाही. तो भटारखान्यात गेला, दोन वेण्या घेऊन खाली आला आणि दांड्याच्या एका बाजूला कांद्याची वेणी टांगली, दुसऱ्या बाजूला लसणाची.

"कांदा म्हटलं की दांडा कांद्याकडे. लसूण म्हटलं की लसणाकडे. डोकं नसेल, पण नाक तरी आहे ना? आणि यातला एक जरी कुणी खाल्ला, तर पाठीची साल काढीन."

त्या दिवसापासून जहाज शहाण्यासारखं चालू लागलं.

आफ्रिकेचं दक्षिणेचं टोक ओलांडल्यावर हिरड्यांचा रोग आला. सिमांवच्या हिरड्या सुजून काळ्या पडल्या, दात हलू लागले, पायांवर डाग उठले. कडक बिस्किटं त्याला चावेनात. ब्रास ती पाण्यात कालवून भरवी, पण पोरगं दिवसेंदिवस वाळत चाललं. ब्रासच्या डोळ्यांपुढे सारखं एकच यायचं, गावचं बंद दार.

एकदा दांड्यापाशी पडल्या पडल्या सिमांव म्हणाला, "दादा, घरचा वास येतोय."

"कांद्याचा आहे तो."

"मग दे की एक."

"फटके पडतील."

"मला कुठे? तुला पडतील."

मरायला टेकलेलं पोर आणि जिभेची खोड काही जाईना! ब्रासला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. त्याने सुरी काढली. सालं तशीच ठेवून त्याने आतला कांदा काढला, सालांत चिंध्या कोंबल्या आणि कांदा बारीक चिरून भावाच्या तोंडात घातला. हिरड्यांना झोंबलं तसा सिमांव कळवळला, तरी त्याने तुकडा थुंकला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा मागितला.

वेणी आतून रिकामी होत गेली. बाहेरून कुणाला पत्ता नव्हता, पण ब्रासच्या जिवाला घोर लागला. चिंध्यांना वास नसतो. अंधारात, गडबडीत मातेउसचं नाक चुकलं तर सगळं जहाज बुडेल, आणि त्याचं पाप आपल्या माथी. तेव्हा त्याने ठरवलं, कांदा आपण काढला, तर कांद्याचं काम आता आपण करायचं. डोळे मिटून तो दांड्याला आपली बैलजोडी जुंपू लागला. कांद्याच्या बाजूला काळा, लसणाच्या बाजूला तांबडा. काळा जरा खोडसाळ, त्याच्या खांद्याची ढुशी ब्रासच्या अंगाला पाठ होती. खाताना, पडल्या पडल्या, प्रार्थनेतसुद्धा तो मनात त्यांना हाकत राही. मातेउसला वाटलं, याचं डोकं फिरलं.

आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत एका दुपारी वादळाने गाठलं. मोठी लाट मागून आत घुसली आणि दोन्ही वेण्या तोडून घेऊन गेली. काळोखात कमरेएवढ्या पाण्यात दोघे दांड्याला लोंबकळत होते. वरून तांडेल जिवाच्या आकांताने ओरडला,

"खडक! कांदा! कांदा!"

"कांदा कुठंय?" मातेउस किंचाळला आणि भलत्याच बाजूला ओढू लागला.

ब्रासने त्याला खांद्याने उडवलं. काळ्याची ढुशी ज्या अंगाला बसायची, त्या अंगाला त्याने सगळं बळ लावलं. दांडा हलेना. त्याने पाय रोवले आणि शेतात द्यायचा तशी आरोळी दिली. दांडा सरकला. बाहेर काहीतरी मोठं खरवडत गेलं, आणि मग खरवडायचं थांबलं.

वादळ ओसरल्यावर तांडेल खाली आला. पाण्यावर लसूण तरंगत होता आणि त्याच्या शेजारी चिंध्या.

"कांदे कुठे आहेत?"

"माझ्या भावाच्या पोटात."

"मग कांद्याची बाजू कळली कशी?"

"तिकडे माझा काळा बैल असतो."

फटके मात्र चुकले नाहीत. बोललेलं मागे घेतलं तर तो तांडेल कसला? फटके झाल्यावर त्याने कांद्याच्या जागी स्वतःचा जुना जोडा टांगला. हुकूम तरी कांद्याचाच राहिला. पुढे मालिंदीच्या बंदरात संत्री मिळाली आणि सिमांव उठून बसला.

दोघे गावी परतले तेव्हा ग्रासियाने दार अर्धंच उघडलं. आधी तिने ब्रासच्या मागे पाहिलं.

"दात कुठे टाकून आलास रे?"

"समुद्रात," सिमांव म्हणाला. मग तिने दार सताड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ब्रासला कुशीत घेऊन हमसून हमसून रडली.

ब्रासने पुन्हा समुद्राचं नाव काढलं नाही. बैल हाकताना तो कांदा-लसूण असंच ओरडे. पोरं शिकली, मग आम्ही सगळेच. जेवताना आपल्या रश्शातला कांदा तो सिमांवच्या ताटात सरकवी. म्हातारपणापर्यंत. सिमांव कधी नको म्हणाला नाही.

ब्रास गेला तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन आम्ही विहिरीपाशी आलो. तिथून एक वाट शेतांकडे जाते, दुसरी चर्चच्या दफनभूमीकडे. रस्ता आम्हाला पोरपणापासून ठाऊक होता, तरी सगळे थांबले, कारण सिमांव पुढे होता आणि तो थांबला होता. काठी टेकून त्याने मान वर केली आणि त्या बोळक्या तोंडातून, तांडेलाच्या आवाजात, ओरडला,

"कांदा!"

आम्ही वळलो.