चपातीचा गोळा

माझे वडील देवळालीच्या साखर कारखान्यात वेल्डर होते. गळीत चालू असताना एखादी नळी फुटली, तर ती पुरती कोरडी होईपर्यंत थांबायला कुणाला सवड नसे. मग वडील डब्यातली चपाती काढत, पाण्यात मळून तिचा गोळा करत आणि नळीत ठासत. पाणी अडायचं, तेवढ्यात जोड मारून व्हायचा. वाफ सोडली की गोळा विरघळून जायचा. देवळालीत ही युक्ती त्यांच्याच नावावर होती आणि मी ती त्यांच्याच हाताखाली शिकलो. एवढं आलं म्हणजे सगळं आलं, असं मला वाटे. मूर्खच होतो.

त्याच जोरावर मी समुद्रात गेलो. खोल पाण्याच्या तळावरून येणाऱ्या गॅसच्या पाइपलाइनी जिथं एकत्र येतात, तो प्लॅटफॉर्म उभा राहत होता. प्रत्येक जोडाशेजारी वेल्डरचा नंबर ठोकायचा, मग जोडाचा एक्स-रे काढायचा. माझा एकही जोड नापास झाला नव्हता. वडील गावभर सांगत, "आमच्या पोराचा नंबर समिंदरात ठोकलाय."

एका दुपारी एका बारक्या पाइपातून पाणी ठिबकत होतं. साहेबाला सांगितलं असतं, तर पाइप सुकवायला त्यानं खुशाल एक दिवस दिला असता. पण हाताला सवय कारखान्याची. मेसमधून चपाती आणली, गोळा ठासला, जोड मारला. एक्स-रे स्वच्छ आला.

गॅसच्या लाइनीत वाफ कुठली? तिथं गॅस सोडण्याआधी कोरडी हवा फिरवतात. गोळा वाळून दगड झाला आणि पुढच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसला. तपासणीत व्हॉल्व्ह मिटेना. उघडला, तर आत चपाती. मागचा जोड कापून काढला, त्याच्या शेजारी माझा नंबर. साहेब ओरडला नाही. त्यानं तो गोळा माझ्या हातात ठेवला आणि पुढच्या बोटीनं मला परत पाठवलं. नंतर समुद्रावरच्या कुठल्याच कामाला मला कुणी घेतलं नाही. घरी सांगितलं, काम संपलं. आता गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या जोडतो. पुन्हा बोलावणं येईल ही आशा मी सोडून दिली आहे.

यंदा आमच्या दारापुढून गॅसचा पिवळा पाइप पुरला. वडील खुर्ची टाकून चराशी बसले. खोदणाऱ्यांना म्हणाले, "ह्यो ग्यास समिंदरातनं येतो. आमच्या पोराच्या जोडातनं." मग माझ्याकडे वळले. "आपली चपातीची युक्ती तितं कामाला आली का रं कदी?"

खरं सांगून मी मोकळा झालो असतो. ते मात्र त्या दुःखात कायमचे खचले असते.

"आली की," मी म्हणालो.

त्या दिवशी जेवताना त्यांनी ताटातली चपाती पाण्यात बुडवली आणि मळून गोळा केला. माझ्यापुढं धरून विचारलं, "आसाच घट मळला हुतास ना?"

"व्हय," मी म्हणालो, "आसाच."