तबक फिरवणारे मास्तर

शमुवेल मास्तर गेल्या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी सहाच्या सुमारास वारले. वय एकसष्ट. तार नागपूरला आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत दहा वाजता आली. दिवसभर तारा उघडण्याची सवय असल्यामुळे मी ती आधी बातमी म्हणून वाचली आणि नाव मग पाहिलं. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, रूथताईचे यजमान. गोंदियापासून चार कोसांवरच्या मिशनच्या वस्तीत त्यांनी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि त्यातली बरीच वर्षं ते आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, निवडलेले वडीलही होते. मृत्यूच्या बातमीला एवढं पुरतं. पण एक गोष्ट उरते. ती त्यांनी स्वतःच भर मंडळीत सांगितली होती, म्हणून लिहायला हरकत नाही. ताईचीही संमती आहे.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे ठेवलेलं पितळी तबक वडील प्रत्येक बाकापाशी नेतात, ते बाकावरून हातोहात सरकत परत त्यांच्याकडे येतं, आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटचा तुकडा वडील स्वतः घेतात. ज्याचं कुणाशी वाकडं आहे आणि अजून मिटलेलं नाही, तो काही न घेता तबक पुढे देतो. त्याला कुणी विचारत नाही. शेवटपर्यंत बहुतेकांचे डोळे मिटलेले असतात. माझे मिटत नाहीत. तो धंद्याचा दोष. सुट्टीत गावी गेलो की मला दिसायचं, मास्तर तबक टेबलावर ठेवायचे, वर पांढरा रुमाल घालायचे आणि रिकामा हात मागे घ्यायचे. एकदा पाहिलं तेव्हा चूक वाटली. नंतर तीन वर्षांत पाच वेळा पाहिलं.

लढाई सुरू होण्याच्या आदल्या उन्हाळ्यात आमचे छापखान्याचे मालक पचमढीला गेले आणि त्यांची जुनी मोटर महिनाभर माझ्या ताब्यात राहिली. शाळेला सुट्टी होती. मी ताई आणि भाऊजींना म्हटलं, चला, नवेगावचा बांध पाहून येऊ. ताईने भात, चटणी, भाजलेली सुकी मासोळी असं बांधून घेतलं. पहाटे निघालो, आणि ऊन तापल्यावर सडक अर्जुनीच्या अलीकडे एका विहिरीजवळ, मोहाच्या झाडाखाली थांबलो. मास्तरांनी जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. ती लांब होती, घोटीव होती, तिच्यात राजापासून रस्त्यापर्यंत सगळे आले. ताई मध्येच पुटपुटली, "यांचं आमेन येईपर्यंत भाताले मुंग्या लागतात." मास्तर हसले नाहीत. मी विचारलं, "भाऊजी, तुम्ही सगळ्यांना भाकर देता. स्वतः कधी घेतली होती शेवटची?"

ते म्हणाले, "तू बातमीदार हायेस, हे मी विसरून जातो."

त्यांनी जे सांगितलं ते असं. सहा वर्षांपूर्वी, तापाच्या साथीत, मिशनच्या दवाखान्यातून कोयनेलचे, म्हणजे हिवतापावरच्या क्विनीनचे, दोन डबे नाहीसे झाले. कपाटाची एक किल्ली कंपाउंडर नथानियल यांच्याकडे असे. त्यांना सगळे नथूभाऊ म्हणत. दुसरी किल्ली वडील म्हणून मास्तरांकडे. ज्या संध्याकाळी डबे गेले, त्या संध्याकाळी वसतिगृहातल्या एका मुलीला हुडहुडी भरली होती. मास्तरांनी कपाट उघडलं, औषध नेलं आणि घाईत कुलूप लावायचं राहिलं. डबे कुणी नेले ते आजतागायत कळलेलं नाही. चौकशी झाली. पंचांत मास्तर होते. कपाट उघडं राहिलं होतं का, असा प्रश्न आला, तेव्हा ते खाली पाहत बसले. चोरीचा ठपका नथूभाऊंवर आला, त्यांची नोकरी गेली. ते बायकोमुलांसह चिचगडला सासरच्या शेतीवर गेले आणि पुन्हा मंडळीत आले नाहीत.

"वाढप्याचं पोट म्हणे वासानंच भरते," मास्तर म्हणाले. "माझं नाही भरलं. प्रार्थना करतो तं माझाच आवाज ऐकू येते, बाकी काही नाही."

ताई मासोळीचे काटे काढत होती. ती म्हणाली, "तुम्ही तुकडा घेत नाही, हे मले पयल्याच वर्षी दिसलं होतं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुम्ही सांगान म्हणून वाट पाहून राहिली होती."

पुढच्या फाट्यावर नवेगावचा ठरलेला रस्ता उजवीकडे होता. मास्तरांनी विचारलं, चिचगडपर्यंत पेट्रोल पुरेल का? मी पुरेल म्हटलं. देवरीला वळलो आणि पुढे जंगलातल्या कच्च्या वाटेने तिसऱ्या प्रहरी पोचलो. वाटेत मोटर दोनदा तापली. दोन्ही वेळा मास्तर स्वतः नाल्यात उतरले आणि डबकं शोधून पाणी घेऊन आले.

नथूभाऊ अंगणात तेंदूच्या पानांचे पुडके उन्हाला उलथवत होते. त्यांनी आधी मोटरकडे पाहिलं.

"मास्तर, मोटर घेतली का?"

"उसनी हाय." मास्तर अंगणातच उभे राहिले. "नथू, त्या दिवशी कपाट मी उघडं सोडलं होतं. पोरीले ताप होता, कुलूप राहून गेलं. चौकशीत मी चूप बसलो."

नथूभाऊंनी हातातला पुडका उलटून ठेवला, मग दुसरा. "हे सांगाले सहा वरसं लागले?"

"लागले."

"तुमची मोटर लयच हळू चालते, मास्तर." ते हसत नव्हते. "अन् मले कायले सांगून राहिले? म्या चोरलं नाही, हे मले माहीतच हाय. जिथं चूप बसले होते, तिथं सांगा ना."

"माफ केलं म्हणशील का?"

"पयले सांगून या. मंग पाहू." आणि आत वळून बायकोला म्हणाले, "चाय ठेव वो, मोठे लोक आले मोटरीतून."

चहा झाला. नथूभाऊ गावात तापाची औषधं देतात, हे त्यांच्या बायकोने सांगितलं. कोयनेल ते पोस्टातून पुड्या विकत आणून द्यायचे. मुक्कामाला नवेगावच्या सरकारी बंगल्यावर आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर एकटेच बांधावर जाऊन बसले. ढीवर कोळ्यांचे डोंगे परत येत होते, मासोळीचा लिलाव सुरू झाला, त्या गलक्यात ते तासभर पाण्याकडे पाहत होते. परत आल्यावर ताईने ताटं वाढली. मास्तरांनी डोळे मिटले. "प्रभू, दिलंस. उपकार. आमेन." ताईने माझ्याकडे पाहिलं. भातातून वाफ निघत होती.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी मुद्दाम थांबलो. तबक उचलायच्या आधी मास्तर टेबलासमोर उभे राहिले आणि चिचगडच्या अंगणात बोलले होते तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, बोलले. कारण दिलं नाही, शास्त्रवचन घातलं नाही. एका बाकावरून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "बसा मास्तर, झालं ते झालं." ते म्हणाले, "झालेलं नाही. म्हणून तं उभा हाय." मग त्यांनी तबक पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, हाती दिलं आणि मागच्या, खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले. तबक तिथे आलं तेव्हा त्यांनी तुकडा घेतला. सहा वर्षांत पहिला. हेही मी पाहिलं.

त्यांचं वडीलपण गेलं. परत द्यायची गोष्ट दोनदा निघाली, दोन्ही वेळा त्यांनीच नको म्हटलं. शाळेतली नोकरी राहिली. नथूभाऊंवरचा ठपका काढल्याचं पत्र मिशनने चिचगडला पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही. पण त्यानंतर दर मे महिन्यात मास्तर सर्व्हिसच्या मोटरीने देवरीपर्यंत आणि पुढे मिळेल त्या बैलबंडीने चिचगडला जात, दोन दिवस राहत, तेंदूची पानं उलथवायला हात लावत. ताई दोनदा बरोबर होती. ती सांगते, जेवताना मास्तर तीन शब्दांची प्रार्थना म्हणत, नथूभाऊ हात थांबवत, आमेन म्हणत नसत. नथूभाऊंनी माफ केलं का, हे मी मास्तरांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "तो मले जेवाले वाढते. मी हिशेब नाही विचारत." मास्तर त्या वर्षांत म्हातारे झाले, पण त्यांचा आवाज मोकळा झाला होता. मंडळीत ते मागून गात आणि पुढच्या बाकांना ऐकू येत असे. आजारपणातही भीती अशी दिसली नाही. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेलो तेव्हा मोटर कुठली आणली, हे त्यांनी आधी विचारलं...

दफन बुधवारी झालं. नथूभाऊंना निरोप उशिरा मिळाला. ते शनिवारी आले, ताईजवळ थोडा वेळ बसले, कबरीवर गेले. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता. मास्तरांची खिडकीजवळची जागा मोकळी होती, मी तिच्या शेजारी बसलो होतो. उपासना सुरू झाल्यावर नथूभाऊ आत आले आणि त्या जागी बसले. नव्या वडिलांनी तबक आमच्या बाकापाशी आणलं. नथूभाऊंनी एक तुकडा घेतला आणि तबक माझ्या हातात दिलं.