मावशीची चित्रे आणि बायकांचा दिवस

देवासहून तार आली, कृष्णामावशी गेली. तेरावा उरकतो न उरकतो तोच संग्रहालयाचे अधिकारी आमच्या धारच्या घरी हजर. "बाई गेल्या, आता त्यांची अटही संपली," म्हणाले. मी त्यांना बसा म्हटले नाही...

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. यजमान महसूल खात्यात, त्यामुळे निम्मे वर्ष मांडू आणि बाघ या गावांकडे मुक्कामी. इतर अंमलदारांच्या बायका तिकडून भांडीकुंडी आणीत. ही जुन्या चितेऱ्यांच्या घरी जाऊन बसे आणि रंगवलेले कागद घेऊन येई, कधी विकत, कधी ठेवणीतले लुगडे देऊन. रागिण्या, काळे ढग, झरोक्यातल्या बायका... यजमान वारल्यावर चित्रांच्या पेटीसकट ती देवासला दिराकडे राहायला गेली. दिरांनी एका साहेबाशी परस्पर सौदा ठरवला. मावशी पेटीवर ठाण मांडून बसली. "भावजी, ही मी जमवलीत. इथली चित्रे इथल्या माणसांनी पाहायची. विलायतेला एकही जाणार नाही." दिरांनी बोलणे टाकले, तिने वेगळी चूल मांडली.

पुढे धारला संग्रहालय निघाले, तेव्हा तिने सगळी चित्रे देऊन टाकली. अट एकच: हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या, दिवशी ते दालन बायकांसाठी खुले राहील, मग ती बाई कोणत्याही जातीची असो. अधिकाऱ्यांनी मान डोलावली, पण पहिल्याच हाटाला शिपायाने भाजीवाल्या आणि भिल्लिणींना पायरीवर अडवले. "बईसा, इनके भीतर जावा को हुकम नी हे," तो मावशीला म्हणाला. मावशीला आणि बरोबर आलेल्या मला मात्र वाट मोकळी होती. मावशी तिथेच उंबऱ्यावर बसली. सोवळी विधवा, डोक्यावर पदर, भर रस्त्यात. अधिकारी धावत आले, विनवू लागले. "आधी त्यांना आत सोडा," ती म्हणाली, "नाहीतर चित्रे उतरवा, मी घेऊन जाते." दुपार कलली तेव्हा दार उघडले. मावशी सगळ्यांच्या मागून आत गेली.

ती अट तिच्यासाठी नव्हतीच, मग तिच्याबरोबर संपेल कशी? तेच मी अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितले, आणि गेल्या हाटाला स्वतः दाराशी जाऊन उभी राहिले. बायका येत राहिल्या, टोपल्या पडवीत ठेवून. एक म्हातारी भिल्लीण ढगांच्या चित्रापुढे बराच वेळ थांबली. मग वळून विचारू लागली, ही चित्रे कुणाची? मी मावशीचे नाव सांगितले. अधिकारी पडवीत उभे राहून ऐकत होते, म्हणून पुढचे जरा मोठ्याने म्हटले, "और अब थारी बी. तुझीसुद्धा."