अजून न पुसलेला फोन

वॉर्ड ऑफिसच्या संगणक विभागात एक मॅडम होत्या. मुलुंडच्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांचं नाव लिहिलेलं त्यांनाच आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण काय झालं ते सांगण्याआधी हे सांगते, की त्या नसत्या तर घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्या वस्तीत मी पुन्हा चढलेच नसते.

मी तिथल्या दवाखान्यात आरोग्य सेविका. शाळा आठवीत सुटली. यवतमाळकडच्या खेड्यातून लग्न करून इथे आले, आणि अजूनही कुणी इंग्रजी कागद पुढे केला की तळहात ओले होतात. सरकारी मोबाईल मिळाला तेव्हा पहिले काही दिवस मी तो रुमालात गुंडाळून न्यायची.

आम्हा सगळ्यांच्या मोबाईलला एकच लॉक होता, दवाखान्याच्या पाटीवरच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे. एखादी रजेवर गेली तर दुसरीला तिच्या पेशंटची माहिती भरता यावी म्हणून. डोंगरावर नेट मिळायचं नाही, त्यामुळे पेशंटच्या कार्डाचा सरळ फोटो काढायचा आणि खाली उतरल्यावर भरायचं. फोटो तसेच राहायचे. पुसायला वेळ कुणाला?

मॅडम आल्या आणि प्रत्येकीला वेगळा, लांब लॉक लावायला लावला.

"मॅडम, आम्ही काय मिसाईल सोडतो काय?" एकीने विचारलं. सगळ्या हसल्या.

"मिसाईल नाही हो ताई. लोकांची आजारपणं आहेत त्यात," मॅडम म्हणाल्या.

त्यांची पाठ वळताच बाकीच्यांनी पुन्हा जुने चार आकडे लावले. मी लावले नाहीत. शहाणपणा कसला, भीती. कुणी तपासलं तर? "हिची बघा, बँकेची तिजोरी!" असं मला चिडवायच्या.

त्या वर्षी माझ्याकडे एक नवी सून पेशंट होती. मानेला गाठीचा टीबी, दुसऱ्याला न लागणारा. नवऱ्याला ठाऊक होतं, सासूला नव्हतं. "ताई, आईंना कळलं तर मला कायमची माहेरी धाडतील," ती म्हणायची. गोळ्या ती सॅनिटरी पॅडच्या पाकिटात लपवायची, तिथे कुणी हात घालत नाही म्हणून. आमचं ठरलं होतं, सकाळी गोळी घेतली की घरातल्या फोनवरून मला एक मिस्ड कॉल द्यायचा. बोलायचं नाही. मीही उलट फोन करायचा नाही.

एका संध्याकाळी डोंगर उतरून रिक्षाची वाट बघत होते. बाईक जवळून गेली आणि हात रिकामा झाला. फोनचं मला काही नव्हतं. डोळ्यासमोर आलं ते तिचं कार्ड. नाव, पत्ता, आजार, सगळं फोटोत. आणि सकाळी तिचा मिस्ड कॉल जाणार, त्या माणसाने उलट फोन लावला तर उचलणार सासू.

शेजारच्या पानवाल्याच्या फोनवरून मॅडमना लावला. त्या ऑफिसातून निघाल्या होत्या, परत फिरल्या. आधी सिम बंद करून घेतलं. मग लांबून फोन पुसायचा आदेश सोडला. दुसऱ्या दिवशी मला बोलावून संगणकाच्या पडद्यावर दाखवलं. माझ्या फोनसमोर लिहिलं होतं: प्रलंबित.

"म्हणजे?"

"म्हणजे फोन बंद आहे. ज्या क्षणी नेट मिळेल, त्या क्षणी आतलं सगळं जाईल. हिसकावला तेव्हा स्क्रीन चालू होती का? चालू असेल तर लॉक लागलेलाच नसणार."

मला आठवेना. अजूनही आठवत नाही. कधी वाटतं, बटण दाबून मी तो नुकताच बंद केला होता. कधी बोटांवर उजेड दिसतो.

"तिला सांगा," मॅडम म्हणाल्या. "गोष्ट तिची आहे. तिला माहीत नको?"

नळावर गाठून तिला सांगितलं. ती हंडा तसाच वाहू देत उभी राहिली.

"फोटोवर माझं नाव आहे?"

"आहे."

"मग आता घरातला फोन वाजला की मी मरणार, ताई."

नवं सिम आलं, तोच नंबर. पण सकाळी मिस्ड कॉल आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वाटेत तिचा नवरा भेटला. त्याने सांगितलं, तिने भीतीने गोळ्यांचं पाकीटच बाहेर फेकलं होतं. आता पोळी लाटताना कुठल्याही घरात फोन वाजला तरी माझा हात थांबायचा. तो फोन कुठेतरी पडलाय, अंधारात, आणि तिचं नाव आत घेऊन वाट बघतोय, असं वाटायचं. गोळ्या सुटल्या तर गाठ परत वाढणार, आणि मग सासूपासून लपणार कशी?

हे ऐकून मॅडम स्वतः वर आल्या. ऑफिसच्या सँडलमध्ये, त्या निसरड्या पायऱ्यांवरून, मध्येमध्ये भिंतीला धरत. सासू बाजारात गेली होती. मॅडम दारात बसल्या आणि तिला म्हणाल्या, "लॉक चांगला होता. तरी शंभर टक्के सुरक्षित आहे असं खोटं सांगणार नाही मी. पण तो चोर तुझं कार्ड वाचेल की नाही, हे आपल्या हातात नाही गं. गोळी घेणं आहे."

तिने पदर खोचला. मग माझ्याकडे हात पुढे केला. मी पिशवीतून नवं पाकीट काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला, एकदाच, आणि बंद झाला. मी स्टोव्हपाशी उभ्या उभ्या रडले.

तिचं औषध पूर्ण झालं. गाठ गेली. सासूला आजतागायत कळलेलं नाही. ते कॉल थांबले, तरी त्या वेळेला माझी नजर फोनकडे जातेच.

तो फोन मात्र पुन्हा चालू झालाच नाही. मॅडमची बदली बोरिवलीला झाली, पण त्या अजून संगणकावर उघडून बघतात आणि मधूनच मला मेसेज टाकतात: "अजून प्रलंबित." तो वाचून भीतीही वाटते आणि एकटी नाही असंही वाटतं.

मॅडम एकट्याच आईला सांभाळतात, आई अंथरुणावर असते. मला मोबाईलातलं काही कळत नाही, पण आजारी माणसाचं सगळं करता येतं. त्यांच्या घराला कितीही जिने असोत, ज्या दिवशी त्यांना माझी गरज पडेल त्या दिवशी मी ते चढून जाणार आहे.